रथाच्या मागचा दिवा

"भाईदासभाऊ, पुढे बघा, खड्डा!"

लताबाई ओरडल्या, पण तोवर भाईदासचा पाय खड्ड्यात गेलाच होता. पडता पडता सावरला गडी. निसटलेली चप्पल अंधारात पायानंच चाचपून शोधली, अडकवली, आणि दोन पावलं चालला नाही तोच मान पुन्हा मागे.

आर्वी गाव मागे पडलं होतं. चैत्रातलं ऊन, नऊ वाजले की डांबर तापायला लागतं. म्हणून सप्तशृंगीच्या गडाला पायी निघालेली शिंदखेड्याची मंडळी रोज उजाडायच्या आधीच रस्त्याला लागत. पुढे झेंडा घेतलेले कौतिक नाना, त्यांच्यामागे बायका, मग पुरुष, आणि सगळ्यांच्या शेवटी देवीचा रथ. रथ म्हणजे काय, सायकलची दोन चाकं लावलेला गाडा, त्यावर पत्र्याची कमान आणि कमानीत देवीची तसबीर. दुसऱ्या गावांचे रथ पुढे चालतात, ह्यांचा मागे. देवी पाठीशी असावी, अशी नानांच्या वडिलांपासूनची रीत. आग्रा रोडवर ट्रकही पाठीमागूनच येतात. त्यामुळे हल्ली ही रीत नुसत्या श्रद्धेची राहिली नव्हती.

तसबिरीभोवती बारके दिवे एकामागून एक पळत होते. रथाच्या पाठीला एक मोठा लाल दिवा होता, तो पेटत होता, विझत होता, पेटत होता. ह्या सगळ्या दिव्यांचा कर्ता भाईदास. शिंदखेड्यात त्याची पिठाची गिरणी. घर सोडल्यापासून तो असाच चालत होता. पाय गडाकडे आणि तोंड रथाकडे.

रथाच्या मागे, चाकाच्या जरा बाजूला चिंधा आबा काठी टेकत चालले होते. त्यांना काही राहवलं नाही.

"काय रे भाईदास, मन्हा तोंडले सोनं लागेल शे का? घडीघडी मांगे देखी राहिना!"

"तुम्हले नही, आबा. दिवाले देखी राहिनू."

"दिवा तठेच शे. कोठे जाई तो?"

पुढच्या बायका हसल्या. लताबाईही हसल्या, पण भाईदास नेमकं काय बघतो हे त्यांना ठाऊक होतं. पाठीचा दिवा त्याला पुढून दिसत नव्हता. तो बघत होता आबांचं धोतर. ते पांढरं धोतर लाल व्हायचं, पांढरं व्हायचं, परत लाल व्हायचं. जोवर लाल होतंय तोवर सगळं ठीक.

आणि आता झोडगं गाव जवळ येत होतं.

गेल्या वर्षी ह्याच वेळेला, झोडग्याच्या अलीकडे, ते धोतर लाल व्हायचं थांबलं होतं. दिवे सगळे एकदम गेले. भाईदासनं रथ थांबवून खालची पेटी उघडली. लताबाईंनी बॅटरीचा उजेड धरला. आत बघतात तर काय, वाटीत शिजवलेल्या शेवया ओताव्या तशा वायरी. लाल, पिवळ्या, निळ्या, कुठून आल्या आणि कुठे गेल्या कळेना. जिथे तिथे सांधा आणि सांध्याला काळी पट्टी.

"ह्यातली तुटली कोणती?" लताबाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना, अक्का."

तेवढ्यात मागून ट्रक आला. ड्रायव्हरला अंधारात माणसं दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानं गाडी वळवली, पण ट्रकची बाजू रथाच्या कमानीला घासून गेली. रथ धरून उभे असलेले चिंधा आबा रस्त्याकडेच्या चारीत फेकले गेले. ड्रायव्हर पळत आला. हात जोडून उभा राहिला. "दिखा नहीं बाबा, माताजी की कसम, कुछ दिखा नहीं." त्याच ट्रकमधून आबांना धुळ्याला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. भाईदास सोबत गेला तो तिकडूनच घरी परतला. त्या वर्षी त्याला गड झाला नाही.

त्याला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं लताबाईंना पुष्कळदा वाटे. गिरणीत दळण टाकायला गेलं की भाईदास डबा घ्यायचा, वजन करायचा, खाली मान घालून दळायचा. पापण्यांवर पीठ बसलेलं असायचं तसंच राहायचं. आधी हाच माणूस बायांची थट्टा करायचा, रेडिओवर गाणं लागलं की चक्कीच्या आवाजावर आवाज काढून गायचा.

दिवाळीनंतर नानांनी देवळात मंडळींना बोलावलं आणि सांगितलं, "यंदा रथाले कंदील लावू. ते लाइटनं झंझट नको."

तेव्हा चिंधा आबा काठी आपटत उठले. "कंदील? कौतिक, ट्रकवाल्याला कंदील दिसतो का? काजवा वाटंल त्याला. पडलो मी, मोडलो मी, आणि निकाल तू देतो? भाईदास दिवा लावंल, आणि मी त्या दिव्यापाशीच चालंल."

नानांनी आबांना हाताला धरून खाली बसवलं. मग म्हणाले, "बरं. पण एक सांगतो. वाटेत एकदा जरी दिवा गेला, तर ती पेटी तिथंच उतरवायची. आणि पुढच्या सालापासून उजाडल्याशिवाय कोणी रस्त्याला लागायचं नाही."

ह्याचा अर्थ सगळ्यांना कळला. चैत्रात उजाडल्यावर निघायचं म्हणजे उन्हातून चालायचं. म्हाताऱ्यांना ते झेपणारं नव्हतं. लताबाईंनाही नव्हतं, त्यांना ऊन लागलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणजे दिवा गेला की ह्या सगळ्यांची वारी संपली. भाईदासच्या पेटीवर आता त्याची एकट्याची लाज नव्हती, निम्म्या गावाचं गडावर जाणं होतं.

लताबाई शिंदखेड्यात शिवणाचा वर्ग चालवत. माहेर जळगावचं, म्हणून बोलणं थोडं शहरी. एका दुपारी दळण घेऊन गेल्या तर लाइट गेलेली. लाइट गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की भाईदास चालू. त्यानं एक जुना रेडिओ उघडून ठेवला होता.

"अक्का, हे बघा. ह्यात वायरी किती?"

लताबाईंनी वाकून पाहिलं. रेडिओच्या पोटात एक पातळ पाटी होती आणि पाटीच्या मागे तांब्याच्या चकचकीत रेघा. वायरी दोन-चारच, कर्ण्याला जाणाऱ्या.

"म्हणजे ह्या रेघाच वायरी?"

"तेच! दिवे लावायचं डोकं म्हणजे हे दोन काळे किडे, आयसी म्हणतात ह्यांना." त्यानं डबीतून काढून तळहातावर ठेवले. एकाला आठ पाय, दुसऱ्याला सोळा. "हा ठोका देतो, आणि हा ठोका मोजून एकेका दिव्याला पाठवतो. मी ह्यांच्या एकेका पायाला वायर बांधत बसलो होतो. रथ हादरला की वायर हलते, हलली की तुटते. रेघेला हिसका बसत नाही, अक्का. रेघ तुटायची नाही."

तेव्हापासून गिरणीतल्या बायांना एक नवीनच बघायला मिळालं. लाइट गेली की भाईदास फळीवर मूठभर पीठ पसरी, हातानं सारखं करी आणि बोटानं त्यात रेघा ओढी. एका किड्याचा पाय इथे, दुसऱ्याचा तिथे. अट एकच, एक रेघ दुसरीला लागता कामा नये. लागली की दिवा जळाला. सात रेघा नीट जायच्या आणि आठवी कुठेतरी अडायची. की भाईदास तळव्यानं सगळं पुसून पुन्हा सुरू.

"काय रे, देव्हाऱ्यातली रांगोळी आता गिरणीत काढायला लागला का?" बाया म्हणायच्या.

"काढा, तुम्हीच काढा," म्हणत तो फळी पुढे करायचा. मग दळणाला आलेली प्रत्येक बाई बोट घालून बघे. कोणी रेघ बाहेरून वळसा घालून नेई, कोणी दोन किड्यांच्या मधून. आठवडाभर शिंदखेड्याच्या पश्चिमेकडच्या बहुतेक घरांनी त्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या असतील.

शेवटी दोन रेघा काही केल्या जमेनात. एकमेकींना ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लताबाई बराच वेळ बघत होत्या.

"आम्ही भरतकामात काय करतो, दोरा कापडाच्या खालून नेतो आणि पलीकडे वर काढतो. मधली नक्षी वर तशीच राहते."

भाईदासनं मान वर केली. "हां! पाटीच्या दुसऱ्या अंगानं तारेचा एक तुकडा टाकायचा. पुस्तकात वाचलं होतं मी, पण ऐन वेळेला सुचतं कुठे!" आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जुनं हसू आलं. पापण्यांवरचं पीठ खाली पडलं.

मग तो जळगावला गेला. रुपचंद शेठच्या रेडिओच्या दुकानातून तांब्याचा पत्रा डकवलेली पाटी आणली आणि एका बाटलीत काळपट पिवळं पाणी. कृती सोपी होती. पाटीवर जिथे रेघ हवी तिथे रंग लावायचा आणि पाटी त्या पाण्यात टाकायची. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं, रंगाखालचं राहतं. रंग धुतला की रेघा तयार. शेठनं निक्षून सांगितलं होतं, भांडं प्लॅस्टिकचंच घ्या. रंग कोणता, तर नखांना लावायचा. पटकन वाळतो आणि पाण्याला दाद देत नाही.

भाईदास बांगड्यांच्या दुकानात नखपॉलिश मागायला गेला. संध्याकाळपर्यंत ती बातमी त्याच्या आधी घरी पोचली. त्याची बायको बेबाबाई दारातच उभी.

"लताबाई, तुम्हीच सांगा," ती दुसऱ्या दिवशी शिवणवर्गात येऊन म्हणाली, "लगीन झालं तेव्हापासून मला एक बाटली आणली नाही ह्या माणसानं. आणि आता पाटीची नखं रंगवतो!"

"उरली तर तुम्हाला मिळेल," लताबाई म्हणाल्या.

"उरली तर! देवीची उष्टी बाटली!" म्हणून बेबाबाई स्वतःच हसायला लागली.

पाटी रंगवून भाईदासनं ती कपडे भिजवायच्या प्लॅस्टिकच्या टबात, त्या पाण्यात ठेवली. तेवढ्यात गिरणीवर गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. घरात त्याची आई, यशोदाबाई. म्हातारी त्या पाटीला दुरून नमस्कार करून बसलेली. देवीच्या रथाची वस्तू ती, आणि बुडवली कशात, तर ज्यात लुगडी-धोतरं भिजतात त्या टबात. तिच्या जिवाला ते लागलं. तिनं देव्हाऱ्यातलं ताम्हण काढलं. तांब्याचं, माहेराहून आलेलं, घासून घासून पातळ झालेलं, रोजची पूजा त्यात होई. पाटी आणि पाणी दोन्ही त्यात घेतलं, कडेला हळदकुंकू लावलं, आणि समाधानानं माळ ओढत बसली.

भाईदास परत आला. बघतो तर ताम्हणाखालून शहाबादी फरशीवर तपकिरी ओघळ वाहतोय.

"माय! हाई काय कर व?"

"देवीनं काम शे ना? मंग कपडा धुवाना डबडामा कसाले? मी ताम्हणमा घाली दिधं."

"माय, हाई पाणी तांबं खाई टाकस व!"

"पाणी कोठे तांबं खास का? याड लागनं का तुले?"

भाईदासनं ताम्हण उचललं. मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं, आणि त्या भोकातून म्हातारीला आपल्या मुलाचा चेहरा दिसला. पाण्यानं सगळी ताकद ताम्हणावर घालवली होती. पाटी अर्धवटच खाल्ली गेली होती, रेघा कुरतडल्यासारख्या. वाया गेली.

बेबाबाईनं सांगितलं ते ऐकून लताबाई त्याच दुपारी भाईदासच्या घरी गेल्या. यशोदाबाई भिंतीला टेकून बसली होती. अपशकुन झाला, आपल्या हातानं झाला, हेच तिच्या मनानं घेतलं होतं. लताबाई तिच्याजवळ बसल्या.

"मावशी, देवीला ताम्हण दिलंत, तिनं घेतलं. तुमच्या माहेरचं होतं म्हणून आधी घेतलं असेल. त्यात काय अपशकुन?"

म्हातारीनं डोळे पुसले. "घेतलं म्हणतेस?"

"रागावली असती तर पाटी खाल्ली असती. ताम्हण कशाला खाल्लं असतं?"

हे बोलणं कितपत खरं होतं ते लताबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण मनापासून बोलल्या होत्या, आणि देवीही कदाचित असंच काही म्हणाली असती. म्हातारी उठली आणि तिनं चहा ठेवला.

पण भाईदासचा हात चालेना. जळगावहून दुसरी पाटी आणली, पण ब्रश धरला की रेघ फुटे. तो पाटी घेऊन शिवणवर्गाच्या दाराशी आला.

"अक्का, तुम्ही काढून देता का? तुमचा हात बसलेला आहे."

लताबाईंनी शिवणयंत्रावर पाटी ठेवली. कागदावरची आकृती सुईनं टोचून टोचून पाटीवर उतरवली, जशी त्या साडीच्या पदरावर वेलबुट्टी उतरवत. काडीपेटीची काडी तासून टोकदार केली, लाल नखपॉलिशमध्ये बुडवली आणि मनात देवीचं नाव घेत एकेक रेघ ओढली. आयुष्यात त्यांनी मोर भरले, कमळं भरली, पण ज्या नक्षीवर म्हाताऱ्यांचं चालणं अवलंबून आहे अशी नक्षी कधी काढली नव्हती. भाईदास उंबऱ्यावर बसून होता.

ह्या वेळी प्लॅस्टिकचा टब नवा कोरा आणला, म्हणजे आईचंही मन राहिलं. पाटीजवळून तो हलला नाही. तांबं विरघळत गेलं आणि लाल रेघा तेवढ्या राहिल्या. भोकं पाडली, किडे बसवले, कथलाचे डाग दिले, वरून मेण वितळवून ओतलं. शेवयांचा तो गुंता गेला. पेटीतून बाहेर पडणाऱ्या तारा तेवढ्या उरल्या, त्यांची एक जाड वेणी.

आता परीक्षा. भाईदासनं पेटी चक्कीच्या सांगाड्यालाच करकचून बांधली. चक्की सुरू झाली की जमीनसुद्धा हादरायची, भिंतीवरचं कॅलेंडर नाचायचं. त्या हादऱ्यात दिवा लावून ठेवला. बाजरी दळली, ज्वारी दळली, लग्नसराईचा गहू दळला. बाया आल्या की पीठ बघायच्या आधी दिवा बघायच्या. "चालू शे का?" "चालू शे!" जात्याला टाकी लावायला चक्की थांबवली तेवढाच त्या पेटीला आराम. आगपेटीतल्या काडीएवढं काहीसुद्धा सुटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी यशोदाबाईनं ते ताम्हण चिंचेनं घासून लखलखीत केलं. भंगलेलं भांडं पूजेला चालत नाही, आणि माहेरचं मोडीत घालायला मन होईना. "हाई बी लई जा," म्हणाली. भाईदासनं उलटसुलट करून पाहिलं. मग रथाच्या मागे धरलं आणि त्या भोकातून लाल दिवा बाहेर काढला. बरोबर बसला. दिवा पेटला तसा सगळा तांब्याचा खोलगट भाग लाल उजेडानं भरून गेला आणि समोरच्या भिंतीवर केवढा तरी मोठा गोल पडला.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. "आते हाई देवीनं काम करी."

...

झोडग्याच्या अलीकडे रस्त्याची मोरी फुटली होती. पुढून नानांनी आवाज दिला, "सांभाळून!" पण रथ ओढणाऱ्यांना कड दिसली नाही. डावं चाक धाडकन खाली गेलं. कमान करकरली, तसबीर पुढे झुकली, दिव्यांची बॅटरी उडून दणकन खाली बसली. सगळे थांबले.

भाईदास जागच्या जागी थिजला. मान मात्र ह्या वेळी वळवेना. रस्त्याकडेची ती चारी, तेच झाड, गेल्या वर्षीचं सगळं तसंच.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही बघा."

लताबाईंनी मागे बघितलं. आबांचं धोतर पांढरं होतं. त्यांनी श्वास धरला. धोतर लाल झालं. पांढरं. लाल.

"चालू शे, रे बाबा!" त्यांच्या तोंडून अहिराणीच निघाली.

आणि मागून ट्रकचे दिवे आले. लांबूनच आले, आणि लांबूनच मंद झाले. ट्रकनं वेग कमी केला, पार उजवीकडून मोठा वळसा घातला आणि सावकाश पुढे गेला. जाताना क्लीनरनं दारातून हात बाहेर काढला, "जय माता दी!"

"जय!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. लताबाईंना वाटलं, आपण गेल्या वर्षापासून धरलेला श्वास आत्ता सोडला. चिंधा आबांनी काठी हवेत फिरवली. "अरे भाईदास, आते तरी मन्हं धोतर सोड! बाईमाणसासारखा काय धोतराकडे देखस!" भाईदास हसला, हसता हसता मटकन रस्त्याच्या कडेला बसला, आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी मिळून रथ वर उचलला.

झोडग्याला चहाला थांबले तेव्हा नानांनी आपल्या पिशवीतून काहीतरी काढलं. कंदील. शिंदखेड्यापासून गुपचूप आणला होता, काच फडक्यात गुंडाळून.

"ह्यातलं रॉकेल स्टोव्हमधी टाका," ते म्हणाले. "आणि पहिला चहा भाईदासला द्या."

एवढंच बोलले. पण कप त्यांनी स्वतःच्या हातानं पुढे केला. भाईदासनं दोन्ही हातांनी घेतला. मालेगावपर्यंत मग तो गात होता. गाणं चालीत नव्हतं, पण चक्की नसल्यामुळे शब्द तरी नीट कळत होते.

सौंदाण्याला आग्रा रोड सुटला. देवळ्याचा रस्ता धरला की ट्रक कमी होतात, दोन्हीकडे शेतं लागतात, माणसाला आपल्या चपलांचा आवाज ऐकू येतो. देवळ्याच्या मुक्कामाहून मंडळी पहाटे निघाली. कळवणच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून पहिल्यांदा गड दिसतो. जुन्या लोकांना ते वळण माहीत असतं. ते जवळ आलं की बायकांची पावलं आपोआप भरभर पडायला लागतात, नाना झेंडा उंच धरतात, कोणीतरी नारळ हातात घेऊन ठेवतं.

पूर्व उजळायला लागली होती. लताबाई आणि भाईदास बरोबरीनं चालत होते. झोडग्यानंतर त्याची मान बरीच सैल झाली होती, पण सवय गेली नव्हती. शंभरेक पावलांनी एकदा तरी ती मागे वळायचीच.

"अजून विश्वास बसत नाही का?" लताबाईंनी विचारलं.

"दिव्यावर बसला, अक्का. मानेवर नाही."

त्यानं उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग म्हणाला, "माय दर वर्षी विचारते. गड पहिल्यांदा दिसतो तेव्हा कसा दिसतो रे? तिला यायचं होतं, जमलं नाही कधी. मी काहीतरी सांगतो. मोठा दिसतो, निळा दिसतो. पण खरं सांगू? रथाला दिवे लावायला लागलो तेव्हापासून त्या वळणावर गड मला दिसलाच नाही. दर वेळी तोंड मागे. लोक जय म्हणायचे तेव्हा कळायचं की दिसला. गेल्या वर्षी तर तेही नाही."

समोर टेकडीआडून रस्ता वळत होता. नानांनी झेंडा उंच केला.

भाईदास थांबला. चपला काढून त्यानं हातात घेतल्या.

"अक्का, एक मागू? पाटी तुम्हीच काढली आहे, म्हणून तुम्हालाच मागतो. त्या वळणापर्यंत तुम्ही मागे बघत चला. मला पुढे बघू द्या."